भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, असं कोण म्हणतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

वय ४१. माहेर सावंतवाडीकडचं, शिक्षण मराठीतून, सासर म्हापशाजवळ. कॅथलिक. नवरा जहाजावर, कॉन्ट्रॅक्ट संपायला चार महिने आहेत. मुलगा दहावीला, मुलगी सहावीत, घरी सासूबाई. स्तनात गाठ हाताला लागली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात आटोक्यातला आहे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. प्रार्थना मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, "भीती सैतानाकडून येते. विश्वास असेल तर भीती उरत नाही." दुसऱ्या कुणी सुचवलं की ४० दिवस उपास-प्रार्थना करून पुन्हा तपासून बघावं, कदाचित ऑपरेशन लागणारही नाही. रात्री तीनला जाग येते ती पुन्हा झोप नाही. देवाचं उत्तर मिळावं म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं तर शापांचं पान निघालं, तेव्हापासून ते उघडायचीच भीती वाटते. चर्चमध्ये सगळं कोकणीतून चालतं, तिथे मनातलं नीट बोलता येत नाही. नवऱ्याला आणि मुलांना अजून सांगितलेलं नाही, "ते खचतील म्हणून". माझा विश्वास कमी पडतोय का? ऑपरेशन पुढे ढकलू का? ही भीती जायला काय करू?

उत्तर

ताई,

आधी तारखेचं बोलू. बाकी गोष्टींना थोडा वेळ लागला तरी चालेल, तारखेचं तसं नाही. ती बदलू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन लांबत गेलं की धोका वाढतो, यात डॉक्टरांमध्ये दुमत नाही. तुमची गाठ आटोक्यात आहे हे त्यांनी आजच्या तपासण्यांवरून सांगितलंय, ४० दिवसांनंतरच्या गाठीची हमी त्यात नाही. तारीख पुढे जाण्याची रास्त कारणं असतात. साखर वाढलेली असते, ताप-खोकला असतो, रक्त कमी असतं, किंवा आधी केमो देऊन गाठ लहान करायचं ठरतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवंसं वाटलं तर जरूर घ्या, त्यात अविश्वास कसला? बायोप्सीचा रिपोर्ट, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीच्या फिल्म घेऊन याच आठवड्यात जा, म्हणजे तारीख हलणार नाही.

४० दिवसांची प्रार्थना करायची असेल तर करा की! २१ दिवस ऑपरेशनच्या आधी, उरलेले १९ नंतर. उपास मात्र आत्ता नको. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा रोज अंडी, मासळी, डाळ, दूध पोटात जायला हवं. चर्चचा उपासाचा नियमसुद्धा फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरता आहे, आणि आजारी माणसाला त्यातूनही सूट आहे. मंडळातल्यांना तुमच्यासाठी उपास करायचा असेल तर त्यांनी खुशाल करावा.

ऑपरेशन पुढे ढकलायच्या या सल्ल्यामागे एक गृहीतक दडलेलं आहे, तेही बघू. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे देवावरचा भरवसा तेवढ्यापुरता काढून घेणं, असं ते गृहीतक. हिज्कीया राजाची गोष्ट काढा, २ राजे, अध्याय २०. राजा मरणाच्या दारात आहे, भिंतीकडे तोंड करून रडतोय, प्रार्थना करतोय. देव त्याला १५ वर्षं वाढवून देतो. आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर बांधा. लेप लावायला सांगितला म्हणून राजाची प्रार्थना खोटी ठरली नाही. सिराखच्या पुस्तकातला ३८ वा अध्याय तर आणखी स्पष्ट आहे. वैद्याचा मान राख, त्याला देवानेच निर्माण केलं, औषधं जमिनीतून देवानेच उगवली, आजारात प्रार्थना कर आणि मग वैद्यालाही जागा दे. प्रॉटेस्टंट बायबलात हे पुस्तक नसतं, त्यामुळे मंडळात कुणी "आमच्यात हे नाही" म्हणालं तर वाद घालत बसू नका, हिज्कीया पुरेसा आहे.

"ऑपरेशन सोड आणि देव काय करतो ते बघ" हा युक्तिवाद बायबलात एकदा अक्षरशः येतो. मत्तय, अध्याय ४. मंदिराच्या टोकावर येशूला उभा करून सैतान म्हणतो, खाली उडी टाक, दूत तुला झेलतील. आधाराला तो ९१ वं स्तोत्र देतो, तेच, जे आपण संरक्षणासाठी म्हणतो. येशूचं उत्तर असं की देवाची परीक्षा पाहू नकोस.

आता तुमचा पहिला प्रश्न. भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, हे सूत्र ज्यांनी सांगितलं त्यांनी गेथशेमाने बागेची रात्र जरा सावकाश वाचावी. मार्क, अध्याय १४. येशू अत्यंत व्याकूळ झाला असं तिथे सरळ लिहिलंय. पेत्र, याकोब आणि योहान यांना तो बरोबर नेतो आणि सांगून टाकतो की माझ्या जिवाला मरणप्राय दुःख होतंय, इथे थांबा, जागे राहा. मग देवाजवळ मागतो की हा प्याला टळू दे. एकदा मागून थांबत नाही. मत्तय सांगतो की त्याने तीच प्रार्थना तीन वेळा केली. लूकच्या वृत्तांतात एक तपशील आहे, तो सहसा घाईत वाचला जातो. देवदूत येऊन त्याला बळ देतो, आणि *त्यानंतर* तो अधिकच तळमळून प्रार्थना करतो, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. दूत येऊन गेला तरी थरथर थांबलेली नाही. बळ कशाला मिळालं? उठून चालायला. भीती गेल्यावर निघायचं असं ठरवलं असतं तर तो त्या रात्री बागेतून निघालाच नसता.

मावशींनी जी वचनं सांगितली असतील त्यांचा मला अंदाज आहे, कारण ती नेहमी तीच असतात. "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" हे १ योहान ४:१८. त्याच्या आदलं वचन वाचा. तिथे न्यायाच्या दिवसाचं बोलणं चाललंय, देव आपल्याला शिक्षा करेल या भीतीचं. भूल उतरल्यावर काय होईल, छातीवर काय उरेल, या भीतीबद्दल तिथे चकार शब्द नाही. "देवाने भित्रेपणाचा आत्मा दिला नाही" हे २ तीमथ्य १:७. पौल तुरुंगात आहे, आणि माझी लाज वाटून साक्ष द्यायचं टाळू नकोस असं तो तीमथ्याला सांगतोय. त्याच पत्राच्या सुरुवातीला तो तीमथ्याच्या आसवांची आठवण काढतो, ती आठवण काढताना रागवत नाही. आणि हाच पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भीतीने कापत होतो. संदर्भ सोडून आजाऱ्याच्या अंगावर वचन फेकणं हा प्रकार मला सरळ सरळ क्रूर वाटतो, फेकणाऱ्याचं मन कितीही चांगलं असलं तरी. मावशींचं मन चांगलंच असणार. बहुतेकदा अशी माणसं आपलीच भीती झाकत असतात.

विश्वासाने भीती *जाते* असं मी तुम्हाला सांगणार नाही. कधी जाते, कधी नाही. भीती असताना करायचं ते करता येतं, एवढं मात्र विश्वासाने होतं. ५६ व्या स्तोत्रातला माणूस म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती आणि भरवसा एकाच वाक्यात, एकाच वेळी.

म्हणून पुढचे तीन आठवडे "भीती कशी घालवू" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि भीतीला कामाला लावा. एक वही घ्या. रात्री तीनला जे जे डोक्यात येतं ते सकाळी लिहून काढा, मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे डॉक्टरांना विचारायचं, हे माणसांवर सोपवायचं, हे फक्त देवाशी बोलायचं. रात्रीची भीती एवढी मोठी वाटते कारण तिन्ही प्रकारच्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात, आणि ड्रेनच्या नळीचा प्रश्नही मरणाएवढा होऊन बसतो.

डॉक्टरांना विचारायचं असं: पूर्ण स्तन काढणार की फक्त गाठ? काखेतल्या गाठी काढणार का, किती? नंतर केमो, रेडिएशन लागेल का, आणि दहावीच्या परीक्षेच्या सुमारास मी कोणत्या टप्प्यावर असेन? हात कधीपासून, किती उचलायचा? ड्रेनचं आत्ताच सांगते. ऑपरेशननंतर जखमेतला द्रव बाहेर यावा म्हणून एक बारीक नळी आणि छोटा डबा लावतात. साधारण एक-दोन आठवडे राहतो, २४ तासांत जमणारा द्रव बराच कमी झाला, बऱ्याच ठिकाणी ३० मिलीच्या खाली आला, की काढतात. घरी सोडताना तो कसा रिकामा करायचा आणि वहीत माप कसं लिहायचं हे नर्सकडून स्वतः करून शिका, नुसतं बघून नको. संमतिपत्रावर सही करताना न समजलेला शब्द विचारायला लाजू नका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे का तेही आजच बघा. मुदत संपलेली ऐनवेळी कळते आणि घरच्यांची पळापळ होते.

माणसांवर सोपवायचं म्हणजे डबे, मुलीची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, रात्री वॉर्डात कोण थांबणार.

देवाशी बोलायची ओळ बहुधा एकच असेल: मी मेले तर. हिला गप्प करू नका. "अभद्र बोलू नये" म्हणून घरात हा विषय निघत नाही, आणि मग तो रात्री निघतो. बँकेचं नॉमिनेशन, विम्याचे कागद एका फायलीत लावा, कुठे आहेत ते एका माणसाला सांगा. कागद लावल्याने मरण जवळ येत नाही. उरलेली भीती जशी आहे तशी देवापुढे मांडा, रडून, भांडून. ८८ वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात एकही आशेची ओळ शेवटाला जोडलेली नाही, तरी ते बायबलात आहे.

भाषेची चिंता सोडा. लहानपणी ज्या भाषेत "हे आमच्या स्वर्गातील बापा" शिकलात त्याच भाषेत म्हणा. गोव्यात मराठीतून ख्रिस्ताला हाक मारणं परकं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सासष्टीतल्या रायतूरला १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्येच छापली होती.

तीन वाजता जाग आली की काय करायचं ते नेमकं सांगते. आधी श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडलेला श्वास लांब असला की छातीची धडधड उतरते, ही शरीराची रचनाच आहे. आत घेताना मनात "प्रभू येशू", सोडताना "मी तुझ्या हातात आहे". मोजायला रोझरी हातात घ्या. एका मण्याला एक श्वास, तीन दशकं (दहा-दहा मण्यांचे तीन भाग) म्हणजे ३० श्वास, साधारण पाच मिनिटं. "नमो मारिया" म्हणायची घाई नको, मणी फक्त मोजण्यासाठी. २० मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात खुर्चीवर बसा, हवं तर आता एक दशक सावकाश म्हणा. फोन उघडून रोगाबद्दल वाचत बसू नका. दुसऱ्याच स्टेजच्या, दुसऱ्याच वयाच्या बाईचा अनुभव पहाटे तीनला तुमचाच वाटायला लागतो.

आणि बायबल डोळे मिटून उघडणं बंद. बायबलात शाप आहेत, वंशावळी आहेत, लढाया आहेत, मंदिराची मापं आहेत. बोट कुठेही पडू शकतं, आणि पडलेल्या ओळीत देवाचा निकाल शोधणं म्हणजे शकुन पाहणंच झालं. या तीन आठवड्यांसाठी वाचन ठरवून टाका. पहिला आठवडा रोज २३ वं स्तोत्र, फक्त तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात मार्क ४ मधलं वादळ. तिथे बघा, होडीत घाबरलेले शिष्य येशूला जवळजवळ रागावून उठवतात, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का, आणि तो आधी वारा शांत करतो, विश्वासाचा प्रश्न नंतर विचारतो. तिसऱ्या आठवड्यात १ राजे १९, एलीयाची गोष्ट. भीतीने पळून रानात मरण मागणाऱ्या या संदेष्ट्याला दूत उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यासाठी याहून चांगला कार्यक्रम मला माहीत नाही.

आता नवरा. "तो खचेल म्हणून सांगितलं नाही" हे प्रेमाने केलंय हे कळतं, पण त्याचा हिशेब चुकतोय. ऑपरेशननंतर कळलं तर "मला का नाही सांगितलं" हे दुःख त्याला आयुष्यभर पुरेल. शिवाय यात वेळेचा प्रश्न आहे. मधेच साइन ऑफ (जहाज सोडून घरी यायची परवानगी) मिळायला बदली माणूस लागतो, जहाज योग्य बंदरात यावं लागतं, कंपनीला हॉस्पिटलचं पत्र लागतं. त्याला आज कळलं तर मॅनिंग एजंटमार्फत (जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीमार्फत) तीन आठवड्यांत काही जमू शकेल. दोन दिवस आधी कळलं तर तो फक्त डेकवर उभा राहून रडू शकेल. वॉर्डातून ऑपरेशन केव्हा, कोणतं, हे लिहिलेलं पत्र घ्या, त्याची प्रत पाठवा आणि मग त्याची ड्युटी संपल्यावर फोन करा. येता आलं नाही तरी तो जागा राहील. येशूनेही त्या तिघांकडे याहून जास्त मागितलं नव्हतं, आणि ते झोपले तो भाग वेगळा.

मुलांना सांगताना कॅन्सर हा शब्द वापरा. बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. तीन-चार वाक्यं पुरतात: आईला स्तनाचा कॅन्सर झालाय, अमुक तारखेला ऑपरेशन आहे, हे कुणाच्या चुकीमुळे झालं नाही आणि स्पर्शाने होत नाही, त्या दिवसांत डबा आणि शाळा कोण बघणार ते हे असं. सहावीतली मुलगी आधी डब्याचंच विचारेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एक वाक्य मात्र टाळा: "देव मला नक्की बरं करणार." हे वचन तुम्ही देवाच्या वतीने देऊ शकत नाही. पुढे काही बिनसलं तर मुलीच्या मनात आईचा आजार आणि देवाचं खोटं बोलणं एकाच गाठीत बांधलं जातं. पौलाने कित्येकांना बरं केलं, पण त्रफिमाला मिलेतात आजारीच सोडून पुढे जावं लागलं, असं तो स्वतः २ तीमथ्याच्या शेवटी लिहितो. "देव आपल्याबरोबर आहे आणि डॉक्टर उपचार करणार आहेत" एवढं खरं आहे, तेवढंच सांगा.

मावशींशी वाद घालायची ताकद आत्ता खर्च करू नका. त्यांना काम द्या. "मावशी, त्या दिवशी सकाळी आठ ते अकरा माझ्यासाठी तेर्स (रोझरी) म्हणा, आणि पुढचा आठवडा दुपारचा डबा तुमच्याकडून." ज्यांना तुमची खरोखर काळजी आहे त्या लगेच कामाला लागतील. तरीही कुणी भीतीवरून ऐकवलंच तर "मी घाबरलेली आहे आणि मी जाणार आहे" हे वाक्य पाठ करून ठेवा.

नवस बोलायचा असेल तर जपून. कुणी कोलव्याच्या फामाला (बाळ येशूच्या उत्सवाला) किंवा म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला मेणाचा अवयव वाहतं, कुणी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला चालत जातं. सावंतवाडीकडून चालत येणारे जथे तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. त्यात वावगं काही नाही, पण देवाशी सौदा म्हणून नको, आणि केमो चालू असताना चालत जाईन असं तर मुळीच नको. संसर्गाशी लढायला अंगात बळ नसतं, त्या काळात गर्दी टाळायलाच सांगतात.

याउलट एक गोष्ट तुम्ही मागायलाच हवी, आणि पत्रात तिचा उल्लेख नाही: आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार. अजूनही घरोघरी समज असा की पाद्री तेल घेऊन आला म्हणजे माणूस चालला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलं की हा संस्कार फक्त मरणाच्या टोकाला असलेल्यांसाठी नाही, आणि १९७२ मध्ये त्याचा विधीही नव्याने आला. गंभीर आजारासाठी मोठं ऑपरेशन व्हायचं असेल तर आधी घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय हा त्याचा आधार. विधी छोटा असतो: डोक्यावर हात ठेवून मूक प्रार्थना, मग कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल. हा संस्कार फक्त पाद्रीच देऊ शकतात, प्रार्थना मंडळातल्या कुणी लावलेलं तेल म्हणजे संस्कार नव्हे. विगारांना (तुमच्या चर्चच्या मुख्य पाद्रींना) या आठवड्यात फोन करा. दाखल होण्याच्या आदल्या रविवारी मिस्सानंतर किंवा घरी, मुलं आणि सासूबाई शेजारी असताना घेतलात तर उत्तम. पापनिवेदन करायचं असेल तर ते आधी. कम्युनियन आदल्या संध्याकाळी घ्या, कारण ऑपरेशनच्या सकाळी तोंडात काहीच घालायचं नसतं. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला लागू नाही, तेव्हा त्याची काळजी नको.

भूल देण्याआधी साधारणपणे जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि नुसत्या पाण्यानंतर दोन तास पोट रिकामं हवं. तुमची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच धरा. कारण साधं आहे, भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. आशीर्वादित पाणी कुणी आणलं तर कपाळाला लावा, घोटभरही पिऊ नका. रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. गळ्यातलं मेडल, स्कॅप्युलर (गळ्यात घालायची कापडी पवित्र पट्टी), अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं घरीच काढा. रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, धातूजवळ भाजण्याची भीती असते. ऐन दारात नर्सने मेडल काढायला सांगितलं की बायका हवालदिल होतात, जणू देवच बाहेर राहिला. रोझरी सोबत येणाऱ्या माणसाच्या खिशात द्या आणि सांगा, शुद्धीवर आले की हातात ठेव. नेलपॉलिश, मेंदी नको, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नीट वाचत नाही.

आदल्या संध्याकाळी खाटेभोवती दहा-बारा माणसं जमवून मोठ्याने प्रार्थना, रडारड, हे होऊ देऊ नका. रात्रभर झोप लागत नाही, सकाळी रक्तदाब चढलेला निघतो आणि कधीकधी ऑपरेशनच पुढे जातं. दोन माणसं, एक स्तोत्र, नऊपर्यंत सगळे घरी. बाकीच्यांना महामार्गाशेजारी बांबोळीच्या फुलांच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) जाऊ दे, तिथे हिंदू-ख्रिस्ती सगळेच गोमेकॉतल्या आपल्या माणसासाठी फुलं ठेवतात. ट्रॉलीवर नेताना लांब प्रार्थना सुचणार नाही, ते साहजिक आहे. श्वासाबरोबरचं तेच वाक्य पुरेल, अर्ध्यावर भूल चढली तरी.

भीतीची ही सगळी पद्धत पहिल्या बाळंतपणाला निघालेल्या मुलीलाही लागू पडते, आणि लेकाला परदेशी पाठवून घरी एकट्या राहिलेल्या आईलाही. वहीतल्या ओळी तेवढ्या बदलतील.

पण भीती वहीत मावेनाशी झाली, दोन आठवडे झोप-जेवण तुटलं, छाती आवळून श्वास अडकल्यासारखं वारंवार होऊ लागलं, किंवा जगूच नये असं वाटलं, तर त्याला विश्वासाची परीक्षा समजून सोसत बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. बांबोळीतच मनोविकारांची सरकारी संस्था आहे. तुमच्या सर्जनना सांगितलं तरी ते पाठवतील. झोपेची गोळी काही दिवस लागली तर ती अंजिराच्या लेपाच्याच रांगेतली.

आणखी एक, कारण हे कुणी आधी सांगत नाही. ऑपरेशनच्या दिवशीपेक्षा नंतरचे दिवस अनेकींना जड जातात. पाहुणे ओसरतात, डबे थांबतात, आणि आरशात स्वतःला पहिल्यांदा नीट पाहायची वेळ येते. रडू येईल. पुनरुत्थानानंतरही येशूच्या अंगावरचे व्रण गेले नव्हते, थोमाला त्याने तेच दाखवले. हात वर उचलायचे व्यायाम फिजिओ सांगतील त्या दिवसापासून दुखलं तरी करा, नाहीतर खांदा आखडतो. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला एक-दोन आठवडे लागतात. तो आणायला एकट्या जाऊ नका. बरोबर असं माणूस न्या जे ऐकून लिहून घेईल, कारण अशा वेळी पहिल्या वाक्यानंतरचं काही कानात शिरत नाही.